तेरा तासांचा दिवस

जुहूच्या विमानतळाला आता बहुतेक लोक हेलिकॉप्टरचा तळ म्हणूनच ओळखतात. पण इथेच १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन उतरले आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा त्यांचे सहकारी नेव्हिल विन्सेंट यांनी नेला. ही गोष्ट जुहूकर इतक्या वेळा ऐकतात की तिच्यातला एक बारीक तपशील कानाआड जातो. त्या विमानाचं नाव होतं 'पस मॉथ'.

मॉथ म्हणजे पतंग. संक्रांतीला उडवायचा नव्हे, रात्री दिव्यापाशी घिरट्या घालतो तो. विमानं बनवणाऱ्या जेफ्री डी हॅविलंड यांना फुलपाखरं-पतंग जमवायचा नाद होता, म्हणून त्यांच्या विमानांची नावं जिप्सी मॉथ, टायगर मॉथ, फॉक्स मॉथ, लेपर्ड मॉथ अशी. आणि पस मॉथ हा युरोपातला खराखुरा पतंग आहे. पांढुरका, मांजरासारखा मऊ केसाळ. त्याची अळी विलो आणि पॉप्लरची पानं खाते, उन्हाळा सरता सरता झाडाच्या सालीवर लाकडाचा भुसा आणि रेशीम कालवून टणक कोष बांधते, आणि आत कोषावस्थेत अख्खा हिवाळा काढते. म्हणजे ऑक्टोबरात आमच्या जुहूच्या मैदानावर ते विमान उतरलं, तेव्हा त्याचे नामबंधू तिकडे सालीला चिकटून गाढ झोपी गेलेले होते!

आता गंमत अशी, की त्या विमानालाही जुहूत वर्षभर राहता येत नसे. मैदान समुद्राला लागून, सखल. पावसाळ्यात भरती आली की पाण्याखाली जायचं. मग टाटांची सेवा पावसाळ्यापुरती पुण्याला हलायची. विचार करा, मैदानात पाणी भरल्यावर 'आता निघू या' असं म्हणून चालेल का? चाकं चिखलात रुतल्यावर उड्डाण कसलं! निघायचं ते मैदान कोरडं असताना, आभाळ निरभ्र असताना. संकट दिसल्यावर नव्हे, दिनदर्शिका बघून.

पस मॉथच्या झोपेचंही हेच आहे. थंडी पडल्यावर 'अरे, थंडी पडली, झोपू या' असं किड्याला करता येत नाही. झोपेची तयारी करायला त्याला कित्येक आठवडे लागतात. अंगात चरबी साठवायची, पाणी कमी करायचं, कोष बांधायचा, श्वास मंद करायचा. हे सगळं भर उन्हात, पानं हिरवीगार असताना सुरू व्हायला हवं. मग त्याला कळतं कसं, की हिवाळा येतोय? किड्याच्या घरी कुणी कालनिर्णय टांगलेलं नसतं :-)

हा प्रश्न मला गेली काही वर्षं छळतोय. तसा तो माझा विषय नाही. मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली. पण माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाच्या मुलखातलं, आणि या प्रश्नाच्या उत्तरावर तिथल्या वावरातलं बरंच काही अवलंबून आहे असं हळूहळू लक्षात येत गेलं. ते कसं, ते सांगते. थोडं लांबून फिरून यावं लागेल, तेवढं सांभाळून घ्या.

उत्तराची सुरुवात किड्यांपासून झालीच नाही, तंबाखूपासून झाली. वॉशिंग्टनजवळ गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका वाणावर काम करत होते. तो वाण उन्हाळ्यात नुसता उंचच उंच वाढायचा, फुलायचा मात्र नाही. त्यांनी काय केलं, तर झाडं दिवसातले काही तास अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवली, म्हणजे झाडांपुरता दिवस लहान केला. आणि झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी जाहीर केलं, की वनस्पती दिवसाची लांबी मोजतात.

तीनच वर्षांनी टेनेसीत मार्कोविच नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने हाच खेळ स्ट्रॉबेरीच्या मुळांवरच्या माव्यावर करून पाहिला. माव्याच्या माद्या उन्हाळाभर नराशिवायच पिल्लं घालत राहतात. नर-मादी, मीलन आणि थंडी काढणारी अंडी हा सगळा संसार फक्त शरद ऋतूत. मार्कोविचनं रोज थोडा वेळ झाकण घालून मावा अंधारात ठेवला, तर हा शरदातला संसार कित्येक महिने आधीच थाटला गेला. हवा गरम, खायला भरपूर, आणि तरीही! त्या इवल्या जिवाला उजेडाचे तास कमी झालेले कळले आणि त्यानं हिवाळ्याची तरतूद सुरू केली.

जपानात कोगुरे यांनी १९३३ मध्ये रेशीमकिड्यांवरचं काम प्रसिद्ध केलं, ते तर आणखी चकित करणारं. रेशीमकिड्याची अंडी झोपणार की लगेच फुटणार, हे त्या अंड्यांनी अनुभवलेल्या दिवसांवर ठरत नाही. त्यांची आई स्वतः अंड्यात असताना तिला किती उजेड आणि किती ऊब मिळाली होती, त्यावर ठरतं. आणि तिथे मोठा दिवस झोप आणतो, लहान नव्हे. म्हणजे आईला पोटात असताना जे कळलं ते लेकरांच्या नशिबी येतं. आपल्याकडच्या आज्या असं काहीतरी म्हणायच्याच, नाही का?

या झोपेला शास्त्रात 'डायपॉज' म्हणतात, आपल्या कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत 'सुप्तावस्था'. साधी गुंगी आणि ही झोप यांत फरक आहे. थंडीनं गारठलेली मुंगी उन्हात ठेवली की चालू लागते. डायपॉजमधला कोष ऊब दिली म्हणून उठत नाही. त्याची ठरलेली मुदत भरावी लागते.

मग पुढचा प्रश्न: दिवस किती तासांचा झाला की झोपायचं? याचं सगळ्यात देखणं उत्तर लेनिनग्राडच्या डॅनिलेव्हस्की यांनी दिलं. त्यांनी एकाच जातीचे पतंग सोव्हिएत देशाच्या वेगवेगळ्या गावांतून गोळा केले आणि प्रयोगशाळेत निरनिराळ्या लांबीचे दिवस दाखवून वाढवले. काळ्या समुद्राकाठच्या सुखुमीचे पतंग दिवस साडेचौदा तासांखाली उतरला की झोपेची तयारी करायचे. बेल्गोरोदचे साडेसोळा तासांखाली, व्हितेब्स्कचे अठराखाली, आणि लेनिनग्राडचे तर एकोणीस तासांहून मोठ्या दिवसालाही 'दिवस लहान' म्हणायचे. दर पाच अंश उत्तरेला सरकलं, की मोजमाप सुमारे दीड तासानं वाढायचं. उत्तरेला हिवाळा लवकर येतो, त्यामुळे दिवस अजून चांगला लांब असतानाच आवराआवर करावी लागते. जात एकच, पण प्रत्येक गावाचं घड्याळ त्या गावाच्या हवेप्रमाणे लावलेलं, आणि ते वारशानं पुढे जाणारं. १९६१ मध्ये त्यांचं याविषयीचं पुस्तक आलं, चार वर्षांनी त्याचा इंग्रजी अनुवाद झाला, आणि जगभरचे कीटकशास्त्रज्ञ या विषयाकडे वळले.

किड्यांनी हाच इशारा का निवडला असेल? कारण बाकीचे सगळे फसवे आहेत. ऑगस्टात चार दिवस गारठा पडू शकतो, ऑक्टोबरात ऊन तापू शकतं. दिवसाची लांबी मात्र अमुक तारखेला अमुकच. लाखो वर्षं तिनं कुणाला फसवलेलं नाही.

(अलीकडे मात्र यातही एक मेख निघाली आहे. दिवस खोटं बोलत नाही, पण त्याचा अर्थ बदलू शकतो. ब्रॅडशॉ आणि होल्झापफेल या दांपत्याने उत्तर अमेरिकेतल्या एका डासाचा कित्येक वर्षं अभ्यास केला. हा डास कीटकभक्षी घटपर्णीच्या पेल्यात साचलेल्या पाण्यात वाढतो. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं, की १९७२ ते १९९६ या काळात उत्तरेकडच्या डासांचं झोपेचं मोजमाप अर्ध्या तासाहून जास्त खाली आलं, म्हणजे ते शरदात नऊएक दिवस उशिरा झोपू लागले. हिवाळा लांबला, तर पिढ्यापिढ्यांत घड्याळही सरकलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागेल.)

आता दिवस मोजतं कोण? डोळे? नाही. हार्वर्डचे कॅरोल विल्यम्स आणि टेक्सासचे पेरी अ‍ॅडकिसन यांनी १९६४ मध्ये एक अफलातून प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी घेतला चिनी ओक रेशीमकिडा. हा आपल्या तसरचा जवळचा भाऊबंद. आमच्या विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर तसर होतो, ढीवर समाजातली कुटुंबं तो पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. त्याचेही बियाण्याचे कोष झोपेत उन्हाळा काढतात आणि पावसाच्या तोंडाशी उठतात. तर त्या चिनी भावाच्या कोषातल्या जिवाच्या कपाळावर, मेंदूच्या बरोबर वर, कातडीचा एक पारदर्शक तुकडा असतो. छोटी खिडकीच म्हणा. या दोघांनी एका पडद्याला भोकं पाडून त्यात कोषातले जीव असे बसवले, की डोकं एका खोलीत आणि शेपूट दुसऱ्या खोलीत. एका खोलीत दिवस मोठा, दुसरीत लहान. डोक्याकडे मोठा दिवस असेल तरच जीव जागा व्हायचा, शेपटीकडे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मग त्यांनी मेंदू काढून शेपटीच्या टोकाला बसवला आणि तिथे खिडकी केली. आता शेपटीला दिवस कळू लागला! म्हणजे उजेड थेट मेंदूलाच दिसतो, आणि 'ऊठ' हा हुकूमही तोच संप्रेरकं सोडून देतो.

आणि इथे गोष्ट वळण घेऊन आपल्या घरी येते. कारण या अ‍ॅडकिसन यांचा खरा, रोजचा किडा रेशमाचा नव्हताच. त्यांचा किडा होता गुलाबी बोंडअळी.

विदर्भातल्या नातेवाइकांना हे नाव नुसतं वाचून पोटात गोळा आला असेल. मुंबईकरांसाठी सांगते: एक करडा, बोटाच्या पेराहूनही छोटा पतंग. त्याची मादी कापसाच्या पात्या-फुलांवर, बोंडांवर अंडी घालते, अळी बोंडात शिरते, वरचं भोक बुजून जातं, आणि आत बसून ती सरकी खाते. बाहेरून बोंड शहाण्यासारखं दिसतं. फोडलं की आत किडका, डागाळलेला कापूस. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमानं बांधून टाकते, त्या न उमललेल्या फुलाला 'डोमकळी' म्हणतात. औषध फवारलं तरी बोंडाच्या आत पोचत नाही.

हा किडा शास्त्राच्या दप्तरात दाखल झाला तो आपल्याच पूर्वीच्या मुंबई इलाख्यातून. भडोचला सरकारी कापूस लागवडीवर अमेरिकन वाणाच्या कापसाची त्यानं नासाडी केली, तिथल्या अधीक्षकाने नमुने लंडनला पाठवले, आणि १८४३ मध्ये सॉन्डर्स यांनी त्याचं वर्णन करून नाव दिलं. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो भारतातून इजिप्तला पोचला, १९११ मध्ये इजिप्तच्या बियाण्यातून मेक्सिकोला, आणि १९१७ मध्ये टेक्सासमधल्या हर्न या गावी सापडला. कशाच्या बळावर हा प्रवास झाला? झोपेच्या! पूर्ण वाढलेली अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत स्वतःला बंद करून घेते आणि निजते. महिनोन्महिने, कधी वर्ष-दोन वर्षंही. बियाण्याच्या पोत्यात, जहाजाच्या पोटात, समुद्रापार. जागी असती तर वाटेतच उपाशी मेली असती.

टेक्सासात १९६० च्या दशकात अ‍ॅडकिसन यांनी या अळीला निरनिराळे दिवस दाखवले. दिवस तेरा तासांचा किंवा मोठा असला की बहुतेक अळ्या जाग्या राहून पतंग व्हायच्या. तेरा तासांच्या खाली उतरला की झोपणाऱ्यांची संख्या भराभर वाढायची. आणखी एक पाहिलं: लांब रात्रीच्या मध्ये ठरावीक वेळी नुसता थोडा वेळ उजेड दाखवला, तरी अळी फसायची, रात्र लांब आहे हे तिला कळायचंच नाही. प्रिन्स्टनच्या पिटेंड्री यांनीही जैविक घड्याळाच्या अभ्यासासाठी हीच अळी निवडली, कारण जर्मनीच्या ब्युनिंग यांनी १९३६ मध्ये मांडलेली कल्पना तपासायची होती: जे घड्याळ रोजचे झोपेजागेपणाचे तास चालवतं, तेच घड्याळ ऋतूही मोजतं का? म्हणजे भडोचची चोरटी, जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांत घड्याळाचं कोडं सोडवायला बसली!

पण अ‍ॅडकिसन हे शेतकऱ्यांच्या मधे राहणारे शास्त्रज्ञ. कोडं सुटलं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी हिशोब मांडला. अळी झोपते ती दिवस लहान झाल्यावर. लांबलेल्या हंगामातल्या बोंडांतली सरकी तेलकट, आणि चरबीयुक्त खाणं मिळालं की झोपणाऱ्या अळ्या वाढतात, हेही त्यांच्या कामातून दिसलं होतं. म्हणजे पुढच्या वर्षीची सगळी कीड या वर्षीच्या उशिराच्या बोंडांत तयार होते. तेव्हा लवकर येणारा वाण लावा, सगळ्यांनी एकाच सुमाराला पेरा, लवकर वेचा, आणि दिवस लहान होऊन अळी जाडजूड होण्याआधी पऱ्हाट्या चिरडून जमिनीत गाडा. टेक्सासात पऱ्हाट्या नष्ट करण्याच्या तारखा कायद्यानं ठरवून दिल्या गेल्या, कारण एकानं केलं आणि शेजाऱ्यानं नाही केलं तर उपयोग नाही. १९९७ चं जागतिक अन्न पारितोषिक अ‍ॅडकिसन आणि रे स्मिथ यांना मिळालं, ते एकात्मिक कीड व्यवस्थापनासाठी. आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळीचं देशातून उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. त्यात बीटी कापूस होता, वंध्य केलेले पतंग सोडणं होतं, कामगंधाचा वापर होता. पण पाया होता कॅलेंडरचा.

आणि आपल्याकडे?

२००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती. सुरुवातीची वर्षं बोंडअळी जवळजवळ विस्मरणात गेली. मग गुजरातेत ती बीटीला दाद देईनाशी झाल्याचं दिसू लागलं आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिनं हाहाकार केला. वेचायला आलेली वावरं लोकांनी नांगर घालून मोडली, सरकारला मदत जाहीर करावी लागली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर औषधं फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्या दोन-तीन महिन्यांत आजोळी फोन करताना हात कापायचे. फोन उचलला गेला की आधी श्वास सोडायचा आणि मग 'कसा आहेस' विचारायचं.

माझा मामेभाऊ आजही कापूस लावतो. गेल्या दिवाळीत मी त्याला मोठ्या उत्साहानं ही सगळी हकिकत ऐकवली. लेनिनग्राड, टेक्सास, मेंदूची खिडकी, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ताई, थे सारं बराबर हाये. पण तू मले फरदड ठेवू नोको असंच सांगून रायली नं?"

हो. तेच सांगत होते.

फरदड म्हणजे काय, तर कापसाचे मुख्य वेचे डिसेंबर-जानेवारीपर्यंत संपले, तरी पऱ्हाटी उपटायची नाही. विहिरीला पाणी असेल तर दोन पाणी द्यायचे, थोडं खत टाकायचं, की पुन्हा पालवी, पात्या, बोंडं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चार-दोन क्विंटल कापूस आणखी मिळतो. नवं बियाणं नको, नवी मशागत नको. ज्याच्या घरात पैसा फक्त कापसाच्या वाटेनं येतो त्याला ते चार-दोन क्विंटल म्हणजे पोरीची फी किंवा सोसायटीचा हप्ता.

आणि अळीसाठी फरदड म्हणजे मेजवानी. आपल्याकडे सगळं टेक्सासबरहुकूम होत नाही, हे खरं. विदर्भात दिवस तेरा तासांखाली उतरतो तो ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, म्हणजे बोंडं धरायच्याही आधी. तेव्हा नुसत्या दिवसाच्या मापावर आपली अळी चालली असती तर कापूस खायच्या आधीच झोपली असती! आपल्या उष्ण मुलखात थंडी, खाणं आणि दिवस यांचा मेळ बसावा लागतो, आणि सगळ्याच अळ्या काही झोपत नाहीत. उत्तर भारतात ही हिवाळी झोप जास्त पक्की, दक्षिणेकडे यावं तशी ती विरळ होत जाते. आमचा मुलूख मधला. इथे दोन्ही प्रकार. पण जरा विचार केला तर फरदड दोघींनाही पोसते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड, लहान दिवसांत जी निजणार, तिला निजण्याआधी तेलकट सरकीचं भरपेट जेवण मिळतं. जी निजणार नाही, तिला कधी उपाशीच राहावं लागत नाही, एका हंगामातून दुसऱ्या हंगामात ती आरामात चालत जाते. आणि निजलेल्या अळ्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, गळालेल्या किडक्या बोंडांत, जिनिंगमधल्या सरकीत पडून राहतात. पऱ्हाट्या तर आपण चुलीसाठी घरामागे रचूनच ठेवतो.

मग पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ऊब आणि ओलावा मिळाला की पतंग उडतात. त्यांचं आयुष्य काही दिवसांचं. त्या वेळी शेतात पाती-फूल नसेल तर त्यांची पिढी वाया जाते. पण कुणी मे महिन्यातच ओलिताखाली कापूस लावून ठेवला असेल, तर त्यांना पाळणाघर तयार. म्हणूनच राज्यात काही हंगामांत १ जूनपूर्वी कापसाचं बियाणं विकायला मनाई केली गेली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विद्यापीठं हंगाम वेळेवर संपवा, फरदड घेऊ नका, कामगंध सापळे लावा, असं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. ऐकणाऱ्याला तो सरकारी फलक वाटतो. मला त्यामागे आता अंधाऱ्या खोपटातला तंबाखू आणि पडद्याच्या भोकात बसवलेला रेशीमकिडा दिसतो. शंभर वर्षांची माणसांची चिकाटी त्या एका ओळीत आहे: 'डिसेंबरअखेर पीक काढा.'

पण म्हणून दादाचं म्हणणं खोटं ठरत नाही. तो म्हणाला, "मी उपटतो. पण धुऱ्यापलीकडच्यानं ठेवली तं त्याचे पतंग काय माह्या वावराचा सातबारा पाहून थांबतात?" टेक्सासला तारखा कायद्यानं का ठरवाव्या लागल्या, ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. हे एकट्यानं करायचं काम नाही. गावानं, खरं तर पंचक्रोशीनं मिळून करायचं आहे.

मला आणखी एक भीती वाटते, ती त्या घटपर्णीतल्या डासाची. किड्याचं घड्याळ पक्कं असतं, पण कायमचं नसतं. आपण जर वर्षानुवर्षं हंगाम लांबवत राहिलो, तर न झोपणाऱ्या, उशिरा झोपणाऱ्या अळ्यांनाच आपण निवडून वाढवत राहू. बीटीला दाद न देणारी अळी याच रीतीनं तयार झाली. उद्या तिच्या झोपेचं वेळापत्रकही आपल्या लोभाप्रमाणे किंवा आपल्या गरजेप्रमाणे बदलून बसलं, तर आपल्या हातात असलेलं हे एकुलतं एक स्वस्त हत्यारही बोथट होईल. या हत्याराला ना पेटंट लागतं, ना पाठीवर पंप.

असो. बरंच लिहिलं. इथे जुहूत सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकरा तासांचा. सव्वादोन तासांचा फरक, तोही चौपाटीवरच्या प्रखर दिव्यांत आम्हाला कधी जाणवत नाही. ज्यांचं पोट त्या फरकावर अवलंबून आहे ते दोघं, अळी आणि शेतकरी, इथून सातशे किलोमीटरवर आहेत. त्यातल्या एकीला वेळ अचूक कळते. दुसऱ्यालाही कळते. पण त्याला हप्ता भरायचा असतो.

दादानं यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निम्म्या वावरातली पऱ्हाटी उपटली. निम्म्या वावरातली ठेवली. "अर्ध्याचं तुह्यं ऐकलं," म्हणाला. उपटलेल्या जागी काय घ्यायचं हा त्याचा प्रश्न अजून तसाच आहे. हरभऱ्याला तोवर उशीर होतो, गव्हाला विहिरीचं पाणी पुरत नाही, आणि तीळ-मुगाला उन्हाळ्यात ओलीत लागतंच. शेतीतल्या जाणकार वाचकांनी, विशेषतः अकोला-अमरावतीकडच्यांनी, कमी पाण्यात जानेवारीनंतर काय साधतं ते जरूर लिहा. मी त्याला वाचून दाखवीन. उरलेलं अर्धं वावर त्याच्यावर अवलंबून आहे.